पाव्हण्याला काय सांगायचं

छावणी, छत्रपती संभाजीनगर
३ नोव्हेंबर २०२५

आक्का,

चतुराचा दंडवत घे. घ्यायचा नसंल तर नको घेऊ, पर सरिता वाचती तोवर उठून जाऊ नको. अकरा वर्सं झाली, माझा आवाज आला की "इथं कुणी नाय" म्हणतीस आणि फोन ठेवतीस. कुणी नाय तर बोललं कोण? कागद काय मधीच ठेवता येत नाय, तुझी सून वाचायला बसली की शेवटापर्यंत वाचती, म्हणून हा कागद.

मी सांगते, तनुजा लिहिती. माझी नात. तू शेवटची पाहिलीस तवा चौदा वर्सांची व्हती, आता पंचवीसची झाली. तिनं पयलं लिहिलं, "पत्रास कारण की". मी म्हणलं, खोड ते. जसं बोलते तसं लिही, नाय तर आक्काला वाटंल तहसीलातून नोटीस आली.

कारण काय बी नाय. सहज.

तनुजा नोकरी करती. खेळ बनवायची. पोरं मोबाईलवर गोळ्या घालतात तसला खेळ नाय, ह्यात गोष्ट असती. एक माणूस गावोगाव हिंडतो, जो भेटंल तो त्याला आपलं रडगाणं सांगतो, आणि ह्यानं ठरवायचं, मदत करायची का वाटंला लागायचं. जसं ठरवलं तशी गोष्ट वळती. त्यातली बोलणी तनुजा लिहिती. बोलायचा पगार देतात आक्का. आपण दोघी जन्मभर फुकट बोललो.

तिच्या साहेबानं सांगितलं, ज्यानं कधी खेळ पाह्यला नाय अशा माणसाला खेळवून बघा. तनुजा म्हणाली, आमच्या घरात एक हाय. आता रोज संध्याकाळी माझ्या हातात दोन शिंगांचं एक यंत्र देती. वासराचं डोकं धरतो तसं धरायचं. पडद्यावरचं तनुजा वाचून दाखवती, मी सांगते ते दाबती, कधी मी बी दाबते.

सुरुवातीलाच खेळानं विचारलं, हिंडणाराचं नाव काय ठेवायचं? मी म्हणलं, दगडाबाई. एकटी, हातात तलवार, कुणाच्या बापाला भीत नाय. दुसऱ्या कुणाचं नाव शोभलं असतं?

तर खेळातल्या दगडाबाईची, म्हणजे तुझी, खबर अशी. परवा तू एका म्हाताऱ्याची हरवलेली शेळी हुडकून दिलीस. काल वेशीवरच्या पहारेकऱ्याला खंदकात ढकललंस. ते खरं तर बटण चुकलं माझ्या हातून. पर वाटलं, आक्का असती तरी ढकललाच असता, म्हणून तसंच राहू दिलं.

पडद्याच्या कोपऱ्यात एक समई असती. भलं केलं की वात मोठी, वंगाळ केलं की बारीक. पहारेकऱ्यापायी बारीक झाली व्हती. मग मला वेशीत एक भिकारी दिसला. त्याला भाकरी दिली की वात वाढती. मी नऊदा दिली. नवव्यांदा बी तेच म्हणाला, "तीन दिवस उपाशी हाय, माय." तनुजा म्हणती, आज्जी, ही लबाडी झाली. मी म्हणलं, लबाडी माझी का तुमच्या समईची?

बाकी बरं हाय. तुझ्या गल्लीत ते कांद्याचे व्यापारी नानासाहेब राहतात ना, भेटले तर राम राम सांग. सहज म्हणलं.

तुझी चतुरा

छावणी
११ नोव्हेंबर २०२५

आक्का,

सरितानं मोबाईलवर तनुजाला कळवलं. तिला रागावू नको, मीच विचारायला लावलं व्हतं. म्हणं आत्याबाईंनी पत्र दोनदा वाचून घेतलं, आणि म्हणाल्या, "पहारेकऱ्याला मी बटण न चुकता ढकलला असता." म्हणजे मी तुला अजून बरोबर ओळखते. पर मग म्हणं तीनदा विचारलंस, "नानासाहेबांचं काय काम?"

तनुजा म्हणाली, आज्जी, आता सरळ सांग. सांगते.

नानासाहेबांचा शिवराज तनुजाच्या कंपनीत चित्रं काढतो. डोंगर काढतो, राक्षस काढतो. दोघांनी आपापसात ठरवलंय, पोराच्या आईला पसंत हाय. नानासाहेब जुन्या रीतीचे. म्हणाले, पोरगी पाहायच्या आधी तिच्या नात्यात चौकशी करणार. आणि कुणाकडं करणार? तुझ्याकडं. का, तर म्हणं, "दगडाबाईचं आणि त्या घराचं अकरा वर्सं बोलणं नाय. त्या काय लपवायच्या नायत." म्हणजे बघ, आपलं भांडण बी आता पंचांच्या कामाला आलं.

तर तू काय सांगशील त्यावर माझ्या नातीचं लग्न. ती हे लिहिताना माझ्याकडं बघत नाय, कागदाकडं बी नीट बघत नाय.

मी तुला खोटं बोल म्हणत नाय. पर सगळंच खरं बोलायची बी काय गरज नाय. पोरगी गुणाची हाय. भाकरी येत नाय. भाकरीचा नकाशा येतो. रविवारी दहाला उठती. (तनुजा म्हणती हे लिहायचं का? मी म्हणलं, आक्काला आपण सांगितलं तर ती दुसऱ्याला सांगायची नाय. ठाऊक झालेल्या गोष्टीत तिला गोडी नसती.)

आता तू म्हणशील, कामापुरती बहीण आठवली. व्हय, आठवली. बिनकामाची आठवली तवा फोन ठेवलास.

आणि अकरा वर्सांपूर्वीचं म्हणशील, तर मी त्यावर ठाम हाय. तनुजाला सगळं ठाऊक नाय म्हणून सांगते. आक्काच्या सुदर्शनला पुण्याची सोयरीक आली व्हती. पोरीचा मामा चौकशीला इथं छावणीत आला. दारातच म्हणाला, "सासू कशी हाय?" मी म्हणलं, "पोरगा सोनं हाय. पर सासूपुढं वळू बी मान खाली घालतो." दुसऱ्या दिवशी सोयरीक मोडली. आता ह्यात खोटं काय व्हतं? सरिता, तू सांग. नको, नको सांगू, तुला तिथंच राहायचंय. पर येवढं ध्यानात ठेव, ती मोडली म्हणून तू त्या घरात आलीस. मला दुवा द्यायचा का शिव्या, मनातल्या मनात ठरव.

खेळाचं सांगायचं राह्यलं. एक बाई विहिरीवर रडत व्हती, तिचा हार पाण्यात पडला व्हता. खेळानं तीन गोष्टी पुढं ठेवल्या. हार काढून द्यायचा, पैसे घेऊन काढून द्यायचा, नाय तर तिला लाथ मारायची. मी म्हणलं, लाथ? अगं रडत्या बाईला लाथ कोण मारतं? तनुजा म्हणाली, वाईट वागायची सोय ठेवावी लागती. मी म्हणलं, मग खरी ठेव. खरा वाईट माणूस काय म्हणतो माहीत हाय? "व्हय गं बाई, येते की उद्या," म्हणतो आणि जातो. लाथ मारणारा परवडला, त्याचा निदान पाय दिसतो.

तनुजानं ते तिथल्या तिथं लिहून घेतलं. साहेबाला लई आवडलं म्हणं.

नानासाहेबांना राम राम. आता सहज नाय.

चतुरा

छावणी
२० नोव्हेंबर २०२५

आक्का,

ह्या वेळेला म्हणं तू पत्र ऐकलंस आणि लसूण सोलत बसलीस. सरिता म्हणती, पावशेर लागत व्हता, दोन किलो सोलला. नानासाहेब तीस तारखेला, रविवारी, तुझ्याकडं येणार, हे बी तिनंच कळवलं. तवापासून तनुजाचं जेवणात ध्यान नाय. मी तिला म्हणते, आक्का मनानं चांगली हाय. ती म्हणती, "तुझं आणि तिचं मन एकाच कारखान्यातलं ना, आज्जी? म्हणूनच भीती वाटती."

जिभेला धार माझी लागली पोरीला. नानासाहेबांना हे सांगू नको.

इकडं मी एक चूक करून बसले.

खेळात एक दुष्ट हाय, काळा झगा घालतो, त्याला सगळं जग बुडवायचंय. मी विचारलं, जग बुडवून हा राहणार कुठं? तनुजा म्हणाली, लहानपणी त्याची आई वारली. मी म्हणलं, आई कुणाची वारत नाय? येवढ्यावर माणूस जग बुडवत नाय. त्याला बहिणीच्या लग्नात कुणी फेटा बांधला नसंल. सगळ्या मामा-काकांना बांधला, हा रांगेत उभा राह्यला, आणि फेटे संपले. मग बुडवील. गाव बी बुडवील, जग बी बुडवील. तनुजा आधी हसली, मग लिहायला बसली.

तिथं थांबायचं, तर माझी जीभ! मी पुढं म्हणलं, तुमचा खेळ नुसतं "काय केलं" विचारतो. "का केलं" ते विचारत नाय. भाकरी मी भिकाऱ्याच्या पोटासाठी दिली नाय, समईसाठी दिली. समईला कळलं का? मग कसली समई तुमची? तनुजा म्हणाली, बरं आज्जी, विचारू.

आणि परवा विचारलं.

दगडाबाई, म्हणजे तू, एका गावात मुक्कामाला हाय. दारात एक पाव्हणा येतो. म्हणतो, "शेजारच्या घरात पोरगी द्यायचीय. त्या घरातली थोरली बाई कशी हाय?" पुढं तीन उत्तरं. देवमाणूस हाय. आग हाय आग. मला ठाऊक नाय.

मी तनुजाकडं पाह्यलं. ती पडद्याकडं. मग मला उमगलं, त्या दिवशी मामा दारात व्हता तवा ही चौदा वर्सांची पोरगी आतल्या दाराला टेकून उभी व्हती. मला वाटत व्हतं तिला सगळं ठाऊक नाय!

मी म्हणलं, दाब, आग हाय आग. मी मागं हटत नसते. तिनं दाबलं. आणि खेळ म्हणाला, "का?"

माझीच काठी, माझ्याच पाठीत.

खाली उत्तरं व्हती. खरं बोलावं म्हणून. त्या पोरीच्या भल्यासाठी. रागानं. आणि चौथी ओळ मोकळी, तुमचं तुम्ही सांगा. मी म्हणलं, खरं बोलावं म्हणून. तनुजानं बटणावर अंगठा ठेवला, पर दाबलं नाय. मी कोपऱ्यात समई पाह्यली, तर समईच नाय. म्हणलं, समई कुठं गेली? तर म्हणती, "इथं ठेवलीच नाय, आज्जी. इथं कुणी बघत नाय."

मी म्हणलं, माझी पाठ दुखती. यंत्र खाली ठेवलं.

तवापासून खेळ तसाच थांबवून ठेवलाय. तुझ्या नावाची बाई दारात, पाव्हणा समोर, त्याची पापणी तेवढी लवती. तूच सांग आक्का, तुला दारात असं विचारलं तर तू काय म्हणशील? नानासाहेबांचं नाय विचारत. खेळाचं विचारते.

बरं, दोन्हीचं विचारते.

चतुरा

छावणी
२४ नोव्हेंबर २०२५

आक्का,

उत्तराची वाट न बघता लिहिते. नानासाहेब यायच्या आत हे तुझ्या कानावर पडलं पायजे, म्हणून आज जलद टपालानं धाडते. सरिता, हे वाचताना दार लोटून घे. सुदर्शनला चहाला बाहेर धाड.

ती चौथी मोकळी ओळ हाय ना, ती भरते.

मामा चौकशीला यायच्या आठ दिवस आधी तू आली व्हतीस. आनंदानं सांगत व्हतीस, पोरीचा बाप सुदर्शनला पुण्यात आपल्याच धंद्यात घेणार, पाचव्या मजल्यावर घर देणार, तू बी जाणार. लिफ्ट कशी वर जाती ते तू हातानं करून दाखवत व्हतीस. मी बी हसत व्हते. म्हणलं, "लई चांगलं झालं आक्का."

तनुजाचे आजोबा जाऊन तवा सहा महिने झाले व्हते. दर पंधरा दिवसांनी तू वैजापूरहून एस.टी.नं यायचीस. आपण शहागंजात जायचो. बांगड्या काढायला लावायच्या, मनगटात घालून बघायच्या, तासभर भाव करायचा आणि काही न घेता परत यायचं. तो बांगडीवाला आपल्याला बघून दुकानात दुसरं गिऱ्हाईक हाय असं दाखवायचा. त्या सहा महिन्यांत मी हसले ती तेवढीच.

मामानं दारात विचारलं तवा माझ्या डोळ्यांपुढं पोरगी नव्हती, खरं-खोटं नव्हतं. लिफ्ट व्हती. म्हणलं, ही पाचव्या मजल्यावर गेली तर मी शहागंजात भाव कुणासंगं करू?

म्हणून बोलले. सोयरीक मोडली, तू वैजापुरातच राह्यलीस, आणि एकदाबी आली नाय. पुण्याला गेली असतीस तर दिवाळीला तरी आली असतीस.

तनुजानं पेन खाली ठेवलं हाय. मी म्हणलं, उचल. अजून संपलं नाय.

माझ्या लग्नाच्या वेळेचं तुला आठवतं का? त्यांच्याकडची माणसं तुझ्या सासरी चौकशीला आली व्हती. पोरगी स्वभावानं कशी? तू डोक्यावरचा पदर सारखा करून म्हणालीस, "आमची चतुरा? तोंडातून शब्द काढत नाय." सासरच्यांना वाटलं, गरीब गाय मिळाली. लग्नाच्या तिसऱ्या दिवशी ह्यांनी सासूबाईंना विचारलं, "ही मुकी कवापासून होणार व्हती?" त्या तुझ्या एका खोट्यावर मी चव्वेचाळीस वर्सं संसार केला. खोटं बोललीस, पर कशासाठी बोललीस ते आज मोजायला बसले तर माझ्या खऱ्याची वात पार विझती.

येवढंच सांगायचं व्हतं. नानासाहेबांना जे वाटंल ते सांग. बदला म्हणून सांगितलंस तरी मी कुरकुरणार नाय. पर त्या बदल्यात माझी नात भरडली जाईल, तेवढं बोलायच्या आधी एकदा मनात आण. मी आणलं नव्हतं.

ह्या वेळेला नुसतं चतुरा लिही म्हणलं, तर तनुजा म्हणती, "तुझी" लिहू का? लिही.

तुझी चतुरा

छावणी
२ डिसेंबर २०२५

आक्का,

सरितानं फोनवर तासभर सगळं सांगितलं. मी कान लावून ऐकलं, मग परत पयल्यापासून सांगायला लावलं. जसं कानावर आलं तसं तुलाच परत सांगते. मला ते कागदावर पायजे.

नानासाहेब दारात आले. म्हणाले, "दगडाबाई, जरा इचारायचं व्हतं."

तू म्हणालीस, "आधी बसा. पोरीबाळीचं दारात उभं राहून इचारत नसतात."

बसले. तू पाणी दिलंस, चहा दिलास. ते पुन्हा म्हणाले, "तर ती चतुराबाईंची नात..." तू म्हणालीस, "जेवण झालंय का?" म्हणाले, "घरी जाऊन जेवतो." तू म्हणालीस, "मग घरी जाऊनच इचारा." पिठलं-भाकरी खाल्ली त्यांनी. लसणाची चटणी दोनदा मागून घेतली. दोन किलोचा लसूण कामी आला म्हणायचा.

मग हात पुसून तू बोललीस. "पोरीला भाकरी येत नाय. रविवारी दहाला उठती. तिची आज्जी कजाग हाय. त्या आज्जीनं माझ्या पोराची सोयरीक मोडली."

तनुजा फोनला कान लावून माझ्या शेजारी व्हती. तिनं माझा हात असा धरला की बांगडी पिचकली.

नानासाहेब उठायला लागले. तू म्हणालीस, "बसा, अर्धंच झालंय. ती आज्जी बहात्तर वर्सांची हाय. अकरा वर्सांनी तिनं स्वतःच्या तोंडानं, स्वतःच्या नातीच्या हातानं लिहून कबूल केलं, का केलं ते. पोरगी ते लिहीत व्हती, तिनं एक शब्द गाळला नाय, गोड केला नाय, आणि लग्न तिचंच टांगलेलं व्हतं. असली पोरगी तुमच्या घरात आली तर तुमचा हिशेब बी चुकायचा नाय आणि तुमची झोप बी. झेपत असंल तर तारीख काढा."

आणि वर म्हणालीस, "मी हे का सांगते ते बी ऐका. मला त्या लग्नाला यायचंय, आणि तुमच्या बाजूनं. वरमाईच्या शेजारी बसून चतुराकडून मानाची साडी घ्यायचीय. साडी मला पसंत पडणार नाय, ते मी आत्ताच सांगून ठेवते."

नानासाहेब म्हणं येवढे हसले की चहाचा कप कलंडला. तारीख फेब्रुवारीत काढणार हायेत.

आक्का, मी बी खरंच बोलले व्हते आणि तू बी खरंच बोललीस. सगळं वंगाळ व्हतं तेवढं सांगितलंस. तरी तुझ्या दारातून माणूस हसत गेला. मी पाव्हण्याला बसा सुद्धा म्हणलं नव्हतं. येवढी वर्सं माझ्या ध्यानात ते वळूचं बोलणं राह्यलं, त्याला दारात उभं ठेवल्याचं राह्यलंच नाय.

साडीचं म्हणशील तर शहागंजात चल. तूच काढायला लाव, तूच नाकार.

खेळाचं सांगते. तनुजानं तीन उत्तरं पुसून टाकली नायत, पर वरती एक नवं घातलं, "आधी बसा." शिवराजनं रातोरात कप काढला, बशीसकट. काल मी ते दाबलं. दगडाबाई बाजूला सरली, पाव्हणा आत आला, बसला, बशीत चहा ओतून प्यायला लागला. तनुजानं पुढचं अजून लिहिलेलं नाय, त्यामुळं त्याचा चहा काय संपत नाय. कालपासून फुंकर मारू राह्यलाय बिचारा. तनुजा म्हणती, पुढं दगडाबाई काय बोलती ते खऱ्या दगडाबाईला विचारून लिहीन. तिला पगारात वाटा माग.

सरितानं तुझा निरोप बी दिला. "चतुराला म्हणावं फोन लाव. पर पयलं मी बोलणार, अकरा वर्सांचं साठलंय, मधी एक शब्द चालायचा नाय."

कबूल. हा कागद पोचला की सरितानं तनुजाला खूण करायची, मग आम्ही फोन लावू. तू "इथं कुणी नाय" म्हणू नको. तुझं सगळं बोलून होईस्तोवर मी तोंडातून शब्द काढणार नाय. तू माझ्यासाठी एक खोटं बोलली व्हतीस ना, म्हणलं मरायच्या आधी एकदा तरी ते खरं करून दाखवावं.

तुझी,
गरीब गाय